इंद्रधनुष्यामागे धावलेला छायाचित्रकार

१९८१ सालची गोष्ट. तिबेटची राजधानी ल्हासा. परदेशी प्रवाशांसाठी तिबेटची दारे नुकतीच किलकिली झाली होती आणि गिरिभ्रमणासाठी आलेली एक तुकडी संध्याकाळच्या जेवणाच्या तयारीत होती. एवढ्यात समोरच्या खोऱ्यात इंद्रधनुष्य उमटले. पोताला राजवाडा तिथून दिसत होता. पण इंद्रधनुष्य एकीकडे आणि राजवाडा दुसरीकडे, असा प्रकार होता. बहुतेकांनी ते दृश्य डोळे भरून पाहिले आणि जेवणाकडे मोर्चा वळवला. एक जण मात्र कॅमेरा घेऊन पळत सुटला. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर, जिथे साधा जिना चढतानाही नवख्याला धाप लागते, तिथे तो सुमारे मैलभर धावला. त्या धावेअखेर टिपलेले छायाचित्र पुढे जगभर गाजले. त्यात इंद्रधनुष्याचे टोक थेट पोतालाच्या सोनेरी छपरांवर उतरलेले दिसते.

गॅलन रॉवेल हे त्या छायाचित्रकाराचे नाव. हे चित्र पाहणाऱ्या अनेकांना तो निव्वळ योगायोग वाटतो, काहींना प्रयोगशाळेतील करामत वाटते. प्रत्यक्षात त्यामागे शालेय पुस्तकातले प्रकाशशास्त्र होते. इंद्रधनुष्य ही अमुक एका जागी उभी असलेली वस्तू नव्हे. सूर्य पाठीशी असताना त्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला, पाहणाऱ्याच्या डोळ्याशी सुमारे ४२ अंशांचा कोन करून ते दिसते. पाहणारा बाजूला सरकला की त्याच्यासोबत इंद्रधनुष्यही सरकते. राजवाडा मात्र जागचा हलत नाही. तेव्हा कोणत्या दिशेला किती पळाले म्हणजे दोन्ही एका रेषेत येतील, हे आधी मनात मांडता येते. रॉवेलने ते मांडले. उरला प्रश्न पायांचा आणि फुप्फुसांचा. सर ओसरण्यापूर्वी, ऊन मावळण्यापूर्वी तिथे पोहोचण्याचा. त्याची तयारी त्या संध्याकाळी नव्हे, तर त्याआधीची तीस वर्षे चालू होती.

२३ ऑगस्ट १९४० रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे रॉवेलचा जन्म झाला. वडील प्राध्यापक, आई चेलोवादक. दहाव्या वर्षापासून तो डोंगरात जाऊ लागला आणि सोळाव्या वर्षी योसेमिटीच्या दरीत दोर लावून प्रस्तरारोहण करू लागला. बर्कली येथील विद्यापीठाचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले आणि मोटारदुरुस्तीचे एक छोटेसे गॅरेज थाटले. आठवडाभर गाड्यांच्या पोटाखाली आणि सुट्टी लागली की सिएरा नेवाडाच्या कड्यांवर, असा त्याचा क्रम अनेक वर्षे चालला. या काळात त्याने शंभराहून अधिक नव्या चढाया केल्या. कॅमेरा सोबत असे तो केवळ आपण कुठे जाऊन आलो हे घरच्यांना आणि मित्रांना दाखवता यावे म्हणून. १९७२ मध्ये मात्र त्याने गॅरेज विकले आणि छायाचित्रणावरच पोट भरायचे ठरवले. तिशी ओलांडलेल्या संसारी माणसाचा हा निर्णय होता. हाताशी ना पदवी, ना छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण.

वर्षभरातच संधी आली. योसेमिटीतील हाफ डोम या घुमटाकार पर्वताचा वायव्येकडील कडा सुमारे ६०० मीटर उंचीचा आहे. १९५७ मध्ये त्यावर पहिली चढाई झाली ती कातळाच्या भेगांत लोखंडी मेखा ठोकत. पण मेखा ठोकून आणि उपसून भेगांच्या कडा फुटत, खडकावर कायमचे व्रण राहत. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या आरंभी काही आरोहकांनी हातोडाच टाकून द्यायचे ठरवले. भेगेत हाताने अडकवायचे आणि हातानेच काढून घ्यायचे असे धातूचे छोटे ठोकळे, म्हणजे नट, हीच त्यांची भिस्त. १९७३ मध्ये रॉवेल, डग रॉबिन्सन आणि डेनिस हेनेक या तिघांनी हा कडा हातोड्याविना सर केला. जून १९७४ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने ही चढाई मुखपृष्ठावर आणली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कड्यावर छायाचित्र काढणे हे कड्याचे छायाचित्र काढण्याहून फार वेगळे काम आहे. आघाडीचा आरोहक चढत असताना खालच्याच्या हातात त्याचा दोर, म्हणजे त्याचा जीव असतो. त्या हातांनी कॅमेरा धरता येत नाही. शिवाय खालून टिपलेल्या चित्रात आरोहकाच्या बुटांचे तळवे आणि पाठीमागची बाजूच दिसते. चेहरा, हातांची पकड आणि खाली पसरलेली दरी हे सारे एका चौकटीत हवे असेल, तर छायाचित्रकाराला वर असावे लागते. वर असायचे, तर त्याला इतरांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, चढता यायला हवे. रॉवेल त्या तिघांच्या दोरावरचाच एक होता, बाहेरून पाहणारा नव्हता. आपण पाहत आहोत त्या घटनेत आपणही सहभागी असले पाहिजे, हा त्याच्या कामाचा पाया होता.

त्यातूनच वजनाचे गणित आले. मोठा कॅमेरा आणि मोठी फिल्म घेतली तर चित्रात बारकावे अधिक येतात. निसर्गछायाचित्रणातील थोरांची परंपरा तीच होती. रॉवेलने मात्र ३५ मिलिमीटरच्या छोट्या निकॉन कॅमेऱ्यांवर काम केले. छातीशी घट्ट बांधलेल्या पिशवीत एक कॅमेरा आणि एखाद-दुसरी लेन्स, एवढ्या सामानानिशी तो धावत असे. घरी असताना बर्कलीच्या टेकड्यांवर धावणे हा त्याचा नित्यक्रम होता. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील निसर्गावरचे त्याचे १९९७ मधील पुस्तक वाचले, की महानगराच्या उंबरठ्यावरही किती रानवटपणा शिल्लक असतो ते कळते.

दुसरी अडचण फिल्मची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून सूर्यास्त टिपू पाहणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असेल: आकाश नीट आले तर खालची दरी काळीठिक्कर, आणि दरी दिसावी म्हणून प्रकाश वाढवला तर आकाश पांढरेफटक. डोळा दोन्ही एका वेळी पाहतो. रंगीत स्लाइड फिल्मची झेप जेमतेम पाच ‘स्टॉप’ची, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद तपशिलांत सुमारे ३२ पटींचाच फरक तिला पेलतो. यावर रॉवेलचा उपाय म्हणजे वरच्या अर्ध्या भागात करडी आणि खालच्या भागात स्वच्छ अशी काच लेन्सपुढे धरणे. त्यामुळे आकाशाचा प्रकाश चौथ्या किंवा आठव्या हिश्शावर येतो आणि दरीचा तसाच राहतो. अशा काचा पूर्वीही होत्या. पण कुठे रेषा पुसट हवी आणि कुठे ठळक, याचा विचार करून त्याने सिंग-रे या कंपनीसोबत नवा संच तयार केला. आज डिजिटल कॅमेऱ्यांची झेप बरीच मोठी आहे आणि अनेक चित्रे एकत्र जोडताही येतात, त्यामुळे या काचांची गरज कमी झाली आहे. योग्य क्षणी योग्य जागी उभे राहण्याची सोय मात्र कोणत्याही संगणकात नाही.

त्याचा आणखी एक दाखला योसेमिटीतच आहे. एल कॅपिटन या कड्याच्या पूर्व कडेवरून हॉर्सटेल नावाचा बारीक धबधबा कोसळतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, पाणी असेल आणि पश्चिमेचे आकाश निरभ्र असेल तर, मावळत्या सूर्याची किरणे अशा कोनातून येतात की काही मिनिटे तो धबधबा वितळलेल्या लोखंडासारखा पेटलेला दिसतो. १९७३ मध्ये रॉवेलने ते दृश्य टिपले. त्याचे पहिले ज्ञात रंगीत छायाचित्र हेच, असे सामान्यतः मानले जाते. पुढे त्या काही मिनिटांसाठी हजारोंची झुंबड उडू लागली आणि वाहने व गर्दी आवरण्यासाठी उद्यान प्रशासनाला निर्बंध घालावे लागले. एका माणसाची धावपळ शेवटी सगळ्यांचे वेळापत्रक झाली, हा काही रॉवेलचा दोष नव्हे. पण चांगल्या छायाचित्राचा हाही एक परिणाम असतो.

प्रवासाची यादी मोठी आहे. १९७५ मध्ये के-२ची अयशस्वी मोहीम, १९७७ मध्ये ग्रेट ट्रँगो टॉवरवरची पहिली चढाई, १९८० मध्ये ऐन हिवाळ्यात स्कीवरून काराकोरमची सुमारे ४५० किलोमीटरची वाटचाल. पण अशा आयुष्यातले पुष्कळसे दिवस डोंगरात जात नाहीत. उजेडाच्या टेबलावर स्लाइड पसरून भिंगाखाली एकेक निवडायची, तिला ओळी लिहायच्या, व्याख्याने द्यायची, स्तंभ लिहायचे, कार्यशाळा घ्यायच्या; यातूनच पुढच्या मोहिमेचा खर्च निघतो. १९८१ मध्ये त्याच्याशी विवाह केलेल्या बार्बरा कुशमन रॉवेल यांनी हा व्यवसाय उभा करण्यात मोलाचा वाटा उचलला. त्या स्वतः छायाचित्रकार होत्या आणि छोटे विमानही चालवत.

२००२ च्या उन्हाळ्यात रॉवेल पुन्हा तिबेटच्या पठारावर गेला. चिरू या हरणाच्या माद्या पिले देण्यासाठी दरवर्षी कुठे जातात, हे शोधण्यासाठी रिक रिजवे, कॉनराड अँकर आणि जिमी चिन यांच्यासह तो सामानाच्या हातगाड्या ओढत निर्मनुष्य चांगथांगमधून चालला. शाहतूशच्या शालींसाठी चिरूची बेसुमार कत्तल होत होती आणि पिलांची ती जागा सुरक्षित करणे निकडीचे होते. तेव्हा रॉवेल ६१ वर्षांचा होता, चिन त्याच्या निम्म्याहून कमी वयाचा. याच जिमी चिनच्या सहदिग्दर्शनाखालील ‘फ्री सोलो’ला २०१९ मध्ये ऑस्कर मिळाले. चौघांना ती जागा सापडली.

त्यानंतर रॉवेल पतिपत्नी बेरिंग समुद्राच्या परिसरातील छायाचित्रण कार्यशाळेसाठी गेले. ११ ऑगस्ट २००२ रोजी तिथून परतताना त्यांचे भाड्याचे छोटे विमान बिशप या त्यांच्या गावच्या धावपट्टीजवळ कोसळले आणि विमानातील चौघेही मरण पावले. चिरूंची छायाचित्रे एप्रिल २००३ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये प्रसिद्ध झाली.