उपग्रह, विद्यार्थिनिर्मित

विद्यापीठातील किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी शिक्षणाचा एक भाग म्हणून आखलेला व बांधलेला लहान कृत्रिम उपग्रह. तो बहुधा मोठ्या उपग्रहाबरोबर एकाच प्रक्षेपकातून कक्षेत सोडला जातो. वस्तुमानानुसार १० ते १०० किग्रॅ.च्या उपग्रहांस सूक्ष्म, १ ते १० किग्रॅ.च्या उपग्रहांस नॅनो आणि त्याहून हलक्या उपग्रहांस पिको उपग्रह म्हणतात. विद्यार्थ्यांचे बहुतेक उपग्रह यांपैकी शेवटच्या दोन वर्गांत मोडतात. महाराष्ट्रात पुणे येथे तयार झालेला ‘स्वयम्’ आणि मुंबई येथे तयार झालेला ‘प्रथम’ हे दोन उपग्रह २०१६ मध्ये कक्षेत गेले. [⟶ उपग्रह, कृत्रिम].

इतिहास : १९५७ मधील स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह अवघा ८३·६ किग्रॅ. वस्तुमानाचा होता, म्हणजे अवकाशयुगाचा प्रारंभच लहान उपग्रहाने झाला. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांनी बांधलेला ऑस्कर-१ हा सु. ४·५ किग्रॅ.चा उपग्रह दुसऱ्या उपग्रहाच्या सोबतीने कक्षेत गेला. मोठ्या उपग्रहाच्या प्रक्षेपणात उरलेल्या जागेचा उपयोग करण्याची ही रीत पुढे रूढ झाली. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाचा पहिला उपग्रह १९८१ मध्ये सोडण्यात आला. १९९९ मध्ये अमेरिकेतील दोन प्राध्यापक, रॉबर्ट ट्विग्ज व जोर्डी प्विग-स्वारी, यांनी १० सेंमी. बाजूच्या घनाकृती उपग्रहाचे (क्यूबसॅटचे) प्रमाणित माप सुचविले. बाह्य आकार ठरलेला असल्याने कोणत्याही देशातील उपग्रह स्प्रिंग असलेल्या एकाच प्रकारच्या पेटीतून सोडता येऊ लागला. प्रक्षेपकाच्या रचनेत प्रत्येक वेळी बदल करण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

भारतात अण्णा विद्यापीठाचा ४० किग्रॅ.चा ‘अनुसॅट’ २० एप्रिल २००९ रोजी सोडण्यात आला. त्यानंतर १ किग्रॅ.हून हलका ‘स्टडसॅट’ (१२ जुलै २०१०) आणि कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचा ‘जुगनू’ (१२ ऑक्टोबर २०११) हे उपग्रह कक्षेत गेले.

रचना व अडचणी : उपग्रह लहान झाला म्हणून त्याचे काम सोपे होत नाही. मोठ्या उपग्रहास लागणारी विद्युत् पुरवठा, संदेशवहन, गणन, स्थिती-नियंत्रण व तापमान-नियंत्रण ही सर्व अंगे लहान उपग्रहासही लागतात. मात्र त्यांना जागा व शक्ती फार थोडी मिळते. १० सेंमी. बाजूच्या एका पृष्ठावर सूर्यप्रकाश लंबरूप पडला, तर त्यावर सु. १३·६ वॉट शक्ती येते. सौर घटांची कार्यक्षमता २८ टक्के धरल्यास तीतून फार तर ३·८ वॉट विद्युत् शक्ती मिळेल. संपूर्ण पृष्ठ घटांनी व्यापता येत नसल्याने प्रत्यक्षात ती आणखी कमी असते. सु. ५०० किमी. उंचीवरील उपग्रह सु. ९५ मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करतो. त्यांपैकी ३५ मिनिटांपर्यंत तो पृथ्वीच्या छायेत असू शकतो व तेव्हा त्याला विद्युत् घटमालेवर अवलंबून राहावे लागते. एका भूस्थानकाच्या दृष्टिक्षेपात तो एका फेरीत सु. दहा मिनिटेच राहतो. सर्व आज्ञा व माहिती यांची देवाणघेवाण तेवढ्यात उरकावी लागते. एकदा सोडलेला असा उपग्रह दुरुस्त करता येत नाही, म्हणून प्रक्षेपणातील कंपने आणि अवकाशातील निर्वात व तापमानातील चढउतार यांच्या चाचण्या जमिनीवरच कसोशीने घ्याव्या लागतात.

महाराष्ट्रातील उपग्रह : पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये ‘स्वयम्’चे काम हाती घेतले. सु. १ किग्रॅ.चा हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी ३४ या प्रक्षेपकाने कार्टोसॅट-२ मालिकेतील उपग्रह व इतर १८ उपग्रह यांच्यासमवेत सोडण्यात आला. एका ठिकाणच्या हौशी रेडिओचालकाचा संदेश साठवून तो दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. स्थिती-नियंत्रणासाठी त्यात शक्ती खर्च न करणारी योजना होती. उपग्रहातील कायम चुंबक होकायंत्राच्या सूचीप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहू पाहतो. सोबतच्या विशिष्ट चुंबकीय मिश्रधातूच्या कांड्यांत, उपग्रह डोलत असताना, चुंबकन सतत बदलते व त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने नाश पावते. त्यामुळे डोलणे हळूहळू कमी होते.

पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील ‘प्रथम’ची कल्पना २००७ मधील. सु. १० किग्रॅ.चा हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३५ ने स्कॅटसॅट-१ बरोबर सोडण्यात आला. या उड्डाणात प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्याचे एंजिन पुन्हा सुरू करून उपग्रह दोन भिन्न कक्षांत सोडले गेले व त्यास सव्वादोन तास लागले. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या मोजणे, हे ‘प्रथम’चे कार्य होते. रेडिओ तरंग आयनांबरातून येताना त्यांची ध्रुवण-प्रतल फिरते आणि हे फिरणे कंप्रतेनुसार कमीजास्त असते. सु. १४५ व ४३७ मेगॅहर्ट्‌झ या दोन कंप्रतांच्या तरंगांचे ध्रुवण जमिनीवर मोजून इलेक्ट्रॉनांची संख्या काढता येते. उपग्रहांद्वारे स्थाननिश्चिती करताना होणाऱ्या चुका सुधारण्यास ही संख्या उपयोगी पडते. हे मापन साध्या ग्राहकयंत्रणेने होऊ शकत असल्याने इतर महाविद्यालयांनीही आपापली भूस्थानके उभारावीत, असा या योजनेचा एक हेतू होता.

ज्ञानाचे सातत्य व परिषदा : या दोन्ही योजनांना आठ-नऊ वर्षे लागली, तर अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. आरंभ करणारे विद्यार्थी प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी संस्थेतून बाहेर पडलेले असतात. म्हणून उपग्रहाच्या एखाद्या भागाइतकेच महत्त्व त्याच्या लेखी नोंदींना असते. एखादा रोधक अमुक मूल्याचा का निवडला, कोणती चाचणी कशामुळे फसली, हे लिहिलेले नसेल, तर पुढील तुकडीस तेच काम पुन्हा करावे लागते.

या बाबतीत विद्वत्परिषदांचा मोठा उपयोग होतो. लघु-उपग्रहांवरील प्रमुख वार्षिक परिषद १९८७ पासून भरत असून ती दीर्घकाळ अमेरिकेतील यूटा राज्यात लोगन येथे होत असे. आंतरराष्ट्रीय अवकाशयानविद्या परिषद भारतात १९८८ मध्ये बंगलोर व २००७ मध्ये हैदराबाद येथे झाली. अशा परिषदेस निबंध द्यावयाचा, तर आपल्या रचनेची कारणे अनोळखी तज्ञांस पटतील अशी मांडावी लागतात. शंकाकार गृहीतकांतील उणिवा प्रक्षेपणापूर्वीच दाखवून देतात. मोठ्या संस्था यशाचा वृत्तांत आवर्जून प्रसिद्ध करतात. पण लहान उपग्रह बांधणाऱ्यांस अपयशाचा वृत्तांत अधिक उपयोगी असतो. शृंगिका उघडली नाही, घटमाला गोठली, संदेश आलाच नाही, अशा घटनांची मोकळी चर्चा या परिषदांत होते व तीतून दुसऱ्यांचे उपग्रह वाचतात.

मर्यादा व पुढील वाटचाल : लहान उपग्रहांची संख्या वाढल्याने अवकाशातील कचऱ्याचा प्रश्न तीव्र झाला आहे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी भारताने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. त्यांपैकी बहुतेक नॅनो वर्गातील होते. सु. ५०० किमी. उंचीवरील निकामी उपग्रह विरळ हवेच्या रोधामुळे काही वर्षांत खाली येऊन जळून जातो, ७०० किमी.वर मात्र तो अनेक दशके फिरत राहू शकतो. त्यामुळे उपग्रहाचा शेवट कसा होणार, हेही आराखड्यातच ठरवावे लागते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी लघु-उपग्रहांसाठीच्या स्वतंत्र भारतीय प्रक्षेपकाचे (एसएसएलव्ही) दुसरे उड्डाण यशस्वी झाले व प्रक्षेपणाची आणखी एक सोय निर्माण झाली.

विद्यार्थिनिर्मित उपग्रहाचे मूल्यमापन केवळ त्याने किती दिवस संदेश पाठविले यावर करणे अपुरे ठरते. उपग्रहाचे आयुष्य थोडे असते. तो बांधताना घडलेले अभियंते, संस्थेत राहिलेली प्रयोगशाळा व पुढील तुकडीस उपलब्ध असलेल्या नोंदी यांचा उपयोग त्यानंतरही होत राहतो.