पात्याची जाडी आणि प्रतिध्वनीचा हिशेब

पवनचक्कीचं पातं चाळीस-पन्नास मीटर लांब आणि आतून पोकळ असतं. मुळाशी माणूस वाकून आत शिरू शकतो, टोकाकडे मात्र हातही जात नाही. तिथल्या कवचाची जाडी कॅलिपरने मोजणार कशी? त्याला दोन्ही बाजू पकडाव्या लागतात.

अशा जागी अल्ट्रासोनिक मापक (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारं यंत्र) वापरतात. पृष्ठभागावर जेलचा थेंब ठेवून प्रोब टेकवला की पडद्यावर आकडा उमटतो. हा आकडा म्हणजे थेट मोजलेली जाडी, असा समज सर्रास आढळतो; आकडा मिलिमीटरमध्येच दिसतो, तेव्हा तो होणारच. प्रत्यक्षात यंत्र मोजतं फक्त वेळ. माथेरानच्या एको पॉइंटवर हाक मारावी आणि ती किती सेकंदांत परतली त्यावरून समोरचा कडा किती लांब आहे ते काढावं, तसा हा प्रकार. ध्वनीचा वेग चुकीचा धरला की हिशेबही चुकला.

पोलादात हा वेग सेकंदाला सुमारे 5900 मीटर असतो. काचतंतूंच्या काँपोझिटमध्ये (तंतू आणि रेझिनचा संमिश्र पदार्थ) तो साधारण निम्मा, आणि तंतूंच्या प्रमाणानुसार कमीजास्त होणारा. पोलादासाठी लावलेलं यंत्र तसंच पात्यावर टेकवलं, तर 20 मिलिमीटरचं कवच 40च्या आसपास दिसेल. म्हणून त्याच घडणीचा, कॅलिपरने मोजलेला तुकडा घेऊन यंत्र आधी जुळवतात.

कवचाच्या मधे फोम किंवा बाल्सा लाकडाचा थर असेल, तर प्रतिध्वनी बहुधा त्याच्या अलीकडूनच परततो. आकडा तेव्हाही येतो, पण तो फक्त बाहेरच्या थराचा.