जुन्या जीपचे मागील पाटे

आमचा पाटण तालुका म्हणजे चढउतारांचा मुलूख. कोयना व केरा या नद्यांच्या कांठची जमीन सोडली, तर बाकीचीं बहुतेक शेतें डोंगरउतारावर नाहीं तर पठारावर. तेथून माल खालीं आणण्यास पुष्कळ शेतकऱ्यांस जुन्या जीपचाच आधार. विलीस जीपची जोडणी मुंबईस १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्या घराण्यांतील गाड्या मालक पालटीत आजही वाड्यावस्त्यांवर फिरतांना दिसतात. अशी गाडी घेतांना शेतकरी इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो; पण मागील पाट्यांखालीं वांकून पाहणारा विरळा. आम्हींही पाहिलें नाहीं. त्याची हकीकत वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.

महसूल खात्यांतील कारकुनींतून निवृत्त झाल्यावर आम्हीं एक वापरलेली जीप घेतली. तिची मागील डावी बाजू किंचित् बसलेली होती. 'जुनी गाडी, चालायचेंच' असें म्हणून आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें. पुढें कार्तिकांत सडावाघापूरच्या पठारावरून भाताचीं पोतीं व वर पांच माणसें घेऊन घाट उतरत असतां मागें 'कट्' असा आवाज झाला आणि गाडी एका अंगास ओढूं लागली. वेग बेताचा होता म्हणून ती थांबली. दरीकडे हातभर जागा उरली होती. माणसें उतरलीं तीं पायींच घरीं गेलीं. त्यांत आमची आठ वर्षांची नात होती.

पाटणच्या मिस्त्रींनीं गाडी घोडीवर चढविली व आम्हांस खालीं बोलाविलें. म्हणाले, "भाऊसाहेब, सात-बारा बघितल्याबिगर जमीन घेतली असती का? मग गाडी कशी घेतली?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

त्यांनीं दाखविलें तें असें. सर्वांत लांब अशा मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांस डोळे असतात. एक डोळा चासीस पक्का असतो व दुसरा शॅकलवर झुलता. कारण ओझें आलें कीं कमान सपाट होऊन लांबते आणि त्या लांबीस जागा लागते. सर्व पाटे मधोमध सेंटर बोल्टनें ओवलेले असतात. त्याचें डोकें आंसाच्या बैठकींत बसून आंस जागेवर ठेवतें. परंतु खरी पकड यू-बोल्टांची. ते ढिले पडले कीं सारा ताण त्या लहानशा सेंटर बोल्टवर येतो व तो तुटून आंस सरकतो. आमच्या गाडीचें नेमकें हेंच झालें होतें. शिवाय दोन पाटे भोंकापाशीं चिरलेले, बुश झिजलेले व शॅकलच्या पिनेस खांच पडलेली आढळली.

डाव्या बाजूस एक जादा पाटा टाकून भागवावें, असा आमचा विचार होता. मिस्त्रींनीं तो मानला नाहीं, व त्यांचेंच खरें होतें. जादा पाट्यानें गाडी वर उचलली जाते. पण चिरलेला पाटा व झिजलेली पिन आहेत तशींच राहतात. चिरलेला पाटा वेल्डिंगनें जोडणें तर त्याहून वाईट. त्या उष्णतेनें पोलादाचें पाणी उतरतें व तो शेजारींच पुन्हां तुटतो.

शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी या :

(१) सपाट जागीं, रिकाम्या गाडीच्या मागील चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची दोन्ही बाजूंस सुतळीनें मापावी. फरक दिसल्यास खालीं पाहावें.

(२) केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. चासीखालीं मजबूत घोडी द्यावी, व पुढील चाकांस अडण लावावी.

(३) पाटे दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. एक नवा व एक थकलेला बैल एका जुवास जुंपल्यासारखें करूं नये.

(४) यू-बोल्ट व सेंटर बोल्ट नवे घालावे. रबरी बुश असल्यास त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून मगच पक्के आवळावे, नाहीं तर रबर पिळवटून लवकर फाटतें. यू-बोल्ट कांहीं दिवस गाडी चालल्यावर पुन्हां आवळावे. हें काम बहुतेक जण विसरतात.

(५) शॉकअप ओझें उचलीत नाहीं, हेलकावे आवरतो. बसलेली गाडी शॉकअप बदलून वर येत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पाटे म्हातारे होते हें खरें; परंतु त्यांस मोडिलें आम्हींच. भारासहित वजनांतून रिकामें वजन वजा केलें म्हणजे माणसें धरून गाडीवर किती ओझें घालावें तें कळतें. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबांतील चुका काढणाऱ्या आम्हांस ही वजाबाकी सुचली नाहीं. आतां पोतीं जास्त असलीं तर आम्ही दोन खेपा करतों. दुसऱ्या खेपेचें डिझेल लागतें खरें. पण नात पुन्हां शेजारीं बसूं लागली आहे, व घाट उतरतांना आमचें लक्ष मागच्या आवाजाकडे असतें.