हसवणारा सफेदपोश

परवा मगरीबच्या वेळी द्वारका चौकात एक वरात अडकली. (तिथली कोंडी नाशिककरांना काय सांगायची!) अजान झाली, तसं बँडमधल्या म्हाताऱ्या क्लॅरोनेटवाल्यानं वाद्य काखेत धरलं आणि खिशातला खजूर तोंडात टाकला. वरातीतल्याच एकानं पाण्याची बाटली पुढे केली. दोन मिनिटांनी 'अलबेला'तलं गाणं सुरू झालं आणि नवरदेवाचे मामा खांदे हलवत, पाय जेमतेम उचलत नाचू लागले.

ती नाचाची ढब भगवानदादांची. भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१च्या 'अलबेला'चे दिग्दर्शक आणि नायकही तेच. त्यातला प्यारेलाल रंगभूमीवर नाव काढायला घर सोडतो. टाळ्या मिळतात, पैसा मिळतो. पण घरी धाडलेले पैसे मधल्यामध्ये लाटले जातात. तो परततो तेव्हा आई गेलेली असते. गाण्यांच्या नादात आपण हे विसरतो.

पुढे 'झमेला', 'ला बेला' काढले, पण ते यश परतलं नाही. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला, सात गाड्या गेल्या. दादा दादरच्या चाळीत राहायला आले आणि मिळेल ती लहानशी भूमिका करत राहिले. सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण, ओमप्रकाश असे थोडेच त्यांच्याकडे जात. ४ फेब्रुवारी २००२ला दादा गेले. त्यांच्यावरचा 'एक अलबेला' आला २०१६ला!

रमजानमध्ये जकात काढताना आमच्याकडे 'सफेदपोश' हा शब्द हमखास निघतो. जो हात पसरत नाही, म्हणून अजाणाला सुखवस्तू वाटतो, अशा गरजवंताला ओळखा, असं कुराणाचं सांगणं आहे. आमच्या यादीत विधवा असतात, आजारी असतात. वाजवणारा, हसवणारा मात्र नसतो. निदान माझ्या यादीत तरी आजवर नव्हता. चेहरा ओळखीचा, मग चूल पेटते का हे कोण विचारणार?

गणपतीची मिरवणूक मात्र दादांच्या चाळीपाशी थांबायची, असं सांगतात. 'अलबेला'ची गाणी वाजायची, दादा बाहेर येऊन दोन पावलं नाचायचे, मगच ती पुढे सरकायची.

कोंडी सुटली, वरात हलली. मी क्लॅरोनेटवाल्या चाचांसोबत चार पावलं चाललो. राहायला कथड्यात, म्हणाले. पावसाळ्यात काय करता, विचारलं.

"पावसाळ्यात लग्नं कुठं असतात, भाई," ते म्हणाले आणि क्लॅरोनेट पुन्हा तोंडाला लावलं.