वडिलांच्या खात्यावरचे मूल

आपल्या घरात मोबाईल किती आणि ते वापरणारी माणसे किती, याची एकदा मोजणी करा. चिखलदरा तालुक्यातील कित्येक घरांत एकच फोन पाच-सहा जणांत फिरतो. सिमकार्ड वडिलांचे, खाते वडिलांचे. रात्री पडद्यावर फिरणारे बोट मात्र मुलाचे. आश्रमशाळेतील मुले दिवाळीला घरी परतली, की हाच फोन पांघरुणाखाली जागू लागतो आणि झोपेचे गणित बिघडते.

मेळघाटाला इंटरनेट नवे नाही. शेजारच्या धारणी तालुक्यातील हरिसाल २०१६ मध्येच ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. जोडणी आधी आली. मुलांच्या संरक्षणाचा विचार मागाहून, आणि तोही सावकाश.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी. त्याच्या वावरावर पाळत ठेवण्यास व त्याला हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. उल्लंघनास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे नेमक्या बालदिनी, जाहीर झाले. त्यांतील मुख्य बंधने मात्र मे २०२७ पासून लागू होतील.

कायदा चांगलाच आहे. परंतु वडिलांच्या खात्यावर बसलेले बारा वर्षांचे मूल यंत्राला चाळिशीतील गृहस्थ वाटते. मग संमती कोणाची मागायची? कृत्रिम बुद्धिमत्तेचा चॅटबॉट त्याच्याशी प्रौढासारखाच बोलणार, आणि चित्रफितींची रांगही प्रौढाच्याच आवडीने लागणार. शिवाय घरात कोरकू बोलणाऱ्या आईने लांबलचक अटी वाचून संमती द्यावी, ही अपेक्षा म्हणजे संमतीचे केवळ नाटक होय.

आपल्याच अमरावती विभागातील बान्सी (तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ) या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. गावाची तळमळ खरी होती. मात्र अशा ठरावाचा सारा भार मुलांवर व पालकांवर पडतो. ज्याने ते यंत्र घडविले, तो मोकळाच राहतो.

कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत केलेला कायदा येथे अधिक उपयोगी वाटतो. सोबतीसारखे बोलणाऱ्या चॅटबॉटपुढे आत्महत्येचा विचार व्यक्त झाल्यास वापरणाऱ्याला मदतकेंद्राकडे वळविण्याची व्यवस्था कंपनीने ठेवलीच पाहिजे, मग वापरणाऱ्याचे वय काहीही असो. अल्पवयीन असल्याचे ठाऊक असेल, तर किमान दर तीन तासांनी ‘मी माणूस नाही, आता विश्रांती घे’ अशा आशयाची आठवणही द्यावी लागते. यांतील पहिली तरतूद वडिलांच्या फोनवरील मुलालाही सावरते, दुसरी नाही. एकाच फोनच्या घरांसाठी आपल्याकडेही पहिल्या प्रकारचे नियम हवेत, ही मागणी ग्रामसभेने ठरावाद्वारे शासनाकडे पाठवावी.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. फोनमध्ये मुलासाठी स्वतंत्र खाते उघडा आणि त्यात त्याचे खरे जन्मवर्ष भरा. अडचण टाळण्यासाठी वय वाढवून सांगण्याची रीत सर्वत्र दिसते; पण त्या एका खोट्या आकड्याने मूल कायद्याच्या दृष्टीआड जाते. पडद्यावर कोणी धमकावले वा छायाचित्रे मागितली, तर संदेश पुसू नका. ते जपून ठेवा आणि बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कळवा.