खांद्याला परै, पायांत ताल

हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर शेकतात, हे कोल्हापूर-सोलापूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. चेन्नईत परै या तमिळ चर्मवाद्याच्या वर्गाला गेलं, तर हाच प्रकार दिसतो. कडुनिंबाच्या लाकडाचं कडं, त्यावर एकाच बाजूला ताणलेलं कातडं. ते तापलं की आवाज खणखणीत लागतो. डाव्या हातात बांबूची लांब, बारीक काडी, उजव्यात आखूड, जाड टिपरू.

पण परै नुसती वाजवत नाहीत. खांद्याला अडकवून वाजवतच नाचायचं असतं, म्हणून या नाचाला ‘परैआट्टम्’ म्हणतात. नवशिक्याची खरी पंचाईत इथेच होते: पाऊल जमलं की हात चुकतो.

हे वाद्य शतकानुशतकं दलितांच्या माथी मारलेलं, मयतीत वाजवायचं, म्हणून अशुभ ठरवलेलं. मणिमारन आणि मगिळिनी या दांपत्याच्या ‘बुद्धर कलै कुळु’सारख्या पथकांनी ते सगळ्यांना शिकवायला घेतलं, बायकांनासुद्धा. 2025 साली मदुराईचे परैवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली.

तळातून वर आलेल्या ब्रेकिंग या नाचाची गोष्टही फार वेगळी नाही. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क गाण्यातला तालाचा तुकडाच लांबवू लागला आणि गरीब वस्तीतली पोरं त्यावर नाचू लागली. 2024 मध्ये तो नाच पॅरिस ऑलिंपिकला पोचला. तिथे गुण देणारे पंच होते. परैच्या रिंगणात मात्र चूक शेजारच्याच्या कानालाच आधी कळते.