पालेभाजीवर लिंबू का पिळावे?

करी रोड स्थानकाबाहेर भाजीवाल्यांकडे लाल माठाच्या जुड्यांशेजारीच लिंबे मांडलेली दिसतात, आणि पोषणाच्या दृष्टीने ही जोडी फार मोलाची आहे. पालेभाजीतील लोह शरीराला सहजासहजी शोषता येत नाही. लिंबातील क जीवनसत्त्व त्या लोहाचे रूप पालटून ते विरघळलेले ठेवते, त्यामुळे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील पेशी ते आत घेऊ शकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम लोह असावे, म्हणून शाकाहारी घरात तर ही लिंबाची फोड ताटात हवीच. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्याने लिंबू भाजी उतरवल्यावरच पिळावे. जेवणाला लागून चहा मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यातील टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारी द्रव्ये, लोहाला बांधून ठेवतात.